बोटभर साखर

‘‘आईला आता आठवत नाही हो,’’ ज्योत्स्नाबाई माइकवर म्हणाल्या आणि सगळा हॉल हसला. वाईट नव्हतं ते हसणं. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर लोक मायेनं हसतात, तसंच होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, मागं कुणीतरी टाळी वाजवली, कणकेच्या नव्वद दिव्यांचं तबक धरून उभी असलेली सून मीना हसली आणि दिव्यांच्या ज्योती हलल्या. फक्त खुर्चीत बसलेली आई हसली नाही. तिनं आधी माइककडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि मान खाली घालून मांडीवरच्या शालीची किनार ती बोटांनी सरळ करत राहिली. किनार सरळच होती. नंतर औक्षण झालं, पेढे झाले, फोटो झाले. पण त्यातलं काही ज्योत्स्नाबाईंना पुढं नीट आठवेना. एवढंच आठवत राहिलं, की हॉलच्या त्या जुन्या कर्ण्यातून स्वतःचा आवाज आपल्याला किंचित उशिरा ऐकू आला, आणि तो आवाज वर्गातला होता. चुकलेल्या मुलाला न दुखवता खाली बसवायचा, शाळेत उभा जन्म घोटलेला, गोड आवाज.

आईच्या, म्हणजे झुंबरबाईंच्या, नव्वदीचा कार्यक्रम करायचं शनिवारच्या वर्गातल्या मुलांनीच ठरवलं होतं. निवृत्त झाल्यापासून ज्योत्स्नाबाई पंचवटीतल्या आपल्या घरी दर शनिवारी कॉलनीतल्या मुलांचा वर्ग घेत. शिकवणी नव्हे, शाळेत जे शिकवायला सवड होत नाही ते शिकवायचं, एवढाच त्यांचा हट्ट. त्या वर्गाची एक रीत होती. ज्याचा वाढदिवस असेल त्याचा जन्ममहिना सगळ्यांनी मिळून शोधायचा: आपला अमुक या जगात आला, तेव्हा जग काय करत होतं? कुणाच्या महिन्यात बर्लिनची भिंत पडली होती, कुणाच्या महिन्यात मंडेला तुरुंगातून बाहेर आले होते. उत्तर बरोबर आलं की सगळ्यांनी एका सुरात ‘शाब्बास’ म्हणायचं आणि बाईंच्या पितळी डबीतली चिमूटभर साखर मिळायची. हर्षाली नावाच्या मुलीचा महिना सप्टेंबर त्र्याण्णव निघाला. त्यात किल्लारीचा भूकंप. पोरगी रडायला लागली, म्हणाली, ‘‘मला दुसरा महिना द्या ना बाई.’’ तेव्हा बाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, ‘‘महिना आपण निवडायचा नसतो राजा. आपल्या वाट्याला आलाय तो नीट ओळखून घ्यायचा.’’ मुलं हे वाक्य विसरली नव्हती. बाईही विसरल्या नव्हत्या, आणि या जूनच्या एक तारखेनंतर त्यांना ते वाक्य आठवलं की कानशिलं तापत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई नांदगावकडच्या गावाहून नाशकात आली, ती मग इथंच राहिली. तिच्या मतदार ओळखपत्रावरचं साल हर्षालीनं वाचलं आणि बोटांवर मोजून ओरडली, ‘‘बाई, आजी एक जूनला नव्वदच्या होणार!’’ मग काय विचारता. जून एकोणीसशे चौदा! इतिहास शिकवणाऱ्या बाईला याहून चांगला महिना कुठून मिळणार? मंडालेहून सुटलेले टिळक त्या महिन्याच्या मध्याला पुण्यात पोचले. कोमागाटा मारू जहाज कॅनडाच्या किनाऱ्याशी माणसांसकट अडवून ठेवलेलं होतं. आणि महिना संपता संपता साराजेव्होत गोळी सुटली. या सगळ्याची नाटुकली बसवली; वर्गातल्या रोहितला कापसाच्या मिशा लावून ऑस्ट्रियाचा राजपुत्र केला होता, आणि गोळी लागल्यावर मिशा सावरत पडायचं त्याला कितीदा तरी शिकवलं होतं. त्याच्या पडण्यावर हॉल खूश झाला. आणि नेमकं तेव्हा आई खुर्चीतून बोलली. मोठ्यानं, शेतावर बोलतात तसं.

‘‘ए ज्योत्स्ना, कवाचं सांगून ऱ्हायलेत हे पोरं? मी नाय गं तव्हाची. मी मानमोडीची. माझी माय गेली ना त्या साथीत. मंग बायडाबाईनं मला...’’

इथंच. बायडाबाईचं नाव आलं आणि ज्योत्स्नाबाई माइकवर ते वाक्य बोलल्या. आधी नाही, नंतर नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःशी हेच ताडून पाहत होत्या. मानमोडी म्हणाली तेव्हा मी गप्प होते. माय गेली म्हणाली तेव्हाही गप्प होते. मग ‘बायडाबाई’ म्हटल्यावरच माझी जीभ का सुटली?

धाकटा भाऊ दत्तू कार्यक्रमाला गावाहून आला होता. सकाळी त्याला गाडीत बसवून द्यायला त्या ठक्कर बाजारच्या स्टँडवर गेल्या. नांदगावची गाडी लागली नव्हती. दत्तूनं पानपट्टीवर तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि गाड्यांकडे बघतच म्हणाला, ‘‘झ्याक झाला कारेक्रम. पोरं लय हुशार हायेत तुझे.’’ मग जरा थांबून, ‘‘पन आक्का, आईला चारचौघांत येडी ठरवली तू.’’

‘‘येडी कुठं म्हटलं रे मी? वय झालं, विसरते, एवढंच तर...’’

‘‘कुठं इसरती? परवा गावच्या समद्या म्हशींची नावं सांगत व्हती मला, मेलेल्या म्हशींची बी.’’ तो हसला, पण डोळ्यांनी नाही. ‘‘तुला बी ठावं हाय बायडाबाईचं. मला बी ठावं हाय. इसरायचं असंल तर तू इसर. तिला कशाला इसराया लावती?’’ तेवढ्यात गाडी लागली आणि त्यानं खिडकीतून टोपी टाकून जागा धरली.

परतताना रिक्षा गोदावरीच्या पुलावर अडकली. खाली कपडे धुणाऱ्या बायका, भाजीच्या पाट्या, दशक्रियेला बसलेली कुठली तरी गावाकडची माणसं. त्यातला एकजण ताजं मुंडण केलेल्या डोक्यावरून सारखा हात फिरवत होता. ज्योत्स्नाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांना गावचं अंगण दिसलं. अंगणात शेंगा फोडत बसलेली आई. शेंग फोडली की दाणे सुपात, टरफल मागं, आणि गोष्ट पुढं. ती गोष्ट आईनं किती वेळा सांगितली असेल! मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गावात माणूस रात्री धड असायचा आणि सकाळी उचलायचा. खांदा द्यायला माणसं पुरायची नाहीत. दिवाळीच्या चार दिवसांत तानुबाई बाळंत झाली, झुंबर जन्मली, आणि तानुबाई तापानं गेली. तिचा नवरा नाथा, म्हणजे आईचा बाप, बाळाला टोपलीत घेऊन दारोदार फिरला. पण ज्यांच्या अंगावर दूध होतं त्या बायका स्वतःच अंथरुणात होत्या. शिवारात कापणीला आलेल्या भिल्लांचा तळ होता. तिथं बायडाबाई म्हणून एक बाई होती; तिचं तान्हं दोन दिवसांपूर्वी त्याच तापानं गेलेलं. नाथानं टोपली तिच्यासमोर ठेवली. पुढं आई सांगायची, ‘‘तिनं फकस्त पदर सारला आन मला घेतली.’’

लहानपणी ज्योत्स्ना ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागायची. बायडाबाईला तिनं पाहिलंही होतं. दर दिवाळीला यायची. काळीभोर, कृश, कानांच्या पाळ्या लोंबलेल्या. ओट्याच्या कडेला बसायची, आत यायची नाही. आई फराळाचं पहिलं ताट देवाला नाही, तिला द्यायची आणि सगळ्या गल्लीदेखत तिच्या पायांवर डोकं ठेवायची. मग ज्योत्स्ना शिकायला नाशकात आली. इथं बोलणं बदललं. ‘नाय’चं ‘नाही’ झालं, ‘व्हतं’चं ‘होतं’ झालं. मैत्रिणींच्या घरी स्वयंपाकघरात कुणाला घ्यायचं नि कुणाला नाही हे डोळ्यांनीच ठरताना तिनं पाहिलं, आणि बायडाबाईची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. लपवली असंही नाही. सांगायची वेळ आली नाही, असंच ती समजत राहिली. लग्नात सासरच्या कुणीतरी मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हातारीकडे बोट करून विचारलं, ‘‘त्या कोण?’’ तेव्हा नवरीनं ऐकलंच नाही. बँड वाजत होता. बँड नसता तरी ऐकलं नसतं, हे तिला तेव्हाही माहीत होतं.

आणि मतदार ओळखपत्रावरची ती तारीख? ती कुठल्या कारकुनानं घातलेली नव्हती. निवडणुकीच्या कामाला शिक्षकांना जुंपतात. ओळखपत्रं निघाली तेव्हा ज्योत्स्नाबाईही त्या कामात होत्या, आणि आईची माहिती गावी जाऊन त्यांनीच भरली होती. जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तरांचा हात आपोआप एक जूनकडे जातो. शाळा जूनमध्ये उघडते, पोरगं दाखल करायला बापानं आणलेलं असतं, बाप म्हणतो, ‘लिहा तुमच्या मनानं’. अर्धी गावं एक जूनला जन्मलेली असतात. ज्योत्स्नाबाई स्वतः एक जूनच्या, दत्तू एक जूनचा. तेव्हा दिवस-महिन्याचं काही नाही. पण साल? साल तर ठाऊक होतं. मानमोडी एकोणीसशे अठराची, हे नववीच्या पोरालाही त्यांनी शिकवलं असतं. मग अठराच्या जागी चौदा कसं आलं? ‘अंदाजे’ म्हणून? ‘चार वर्षांनी काय बिघडतं’ म्हणून? रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी सगळी कारणं एकेक करून उचलून पाहिली, बाजारात वांगी पाहावीत तशी, आणि एकेक करून खाली ठेवली. चौदा साली मानमोडी नव्हती. मानमोडी नसली की तानुबाई बाळंतपणात जात नाही, आणि तानुबाई गेली नाही की बायडाबाई लागतच नाही. हे सगळं त्या वेळी डोक्यात आलं होतं का? नाही. हातानं केलं होतं. आणि पुढं इतक्या वर्षांत हातानं केलेलं डोक्यालाही खरं वाटायला लागलं होतं.

रिक्षावाला म्हणाला, ‘‘मावशी, आलं घर. उतरताय ना?’’

त्या दिवसानंतर आईत फरक पडला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. ती विचारायला लागली. ‘‘आज वार कोनता गं?’’ शुक्रवार म्हटलं की, ‘‘तू म्हन्ती तर शुक्कुरवारच असंल.’’ शेजारच्या सावित्रीबाई नेहमीसारख्या गप्पांना आल्या. ‘‘काय हो आजी, तुमच्या वेळी लोणची कशी घालायचे?’’ एरवी या प्रश्नावर आईनं अख्खी दुपार बोलण्यात काढली असती. आता म्हणाली, ‘‘मला काय इचारता बाई? ज्योत्स्नाला इचारा. मला नाय आठवत आता.’’ सावित्रीबाईंनी ज्योत्स्नाबाईंकडे कणवेनं पाहिलं आणि खुणेनंच विचारलं, कधीपासून? ज्योत्स्नाबाई आत जाऊन उगीच ओटा पुसत राहिल्या. भोपळ्यासारखी गरगरीत, जिवंत आठवण असलेली बाई. तिला आपण एका वाक्यानं पोकळ केलं. तानुबाई नावाची एक पोर या जगात होऊन गेली हे सांगणारं आता दुसरं कुणी नाही. दत्तूला गोष्ट ठाऊक आहे, पण आईच्या तोंडची आहे ती, आईबरोबर जाईल. आणि बायडाबाई? तिचं तर नावही कुठं लागलेलं नाही. एका बाईनं पदर सारला, आणि त्यामुळे आपण आहोत, मीना ज्याच्यासाठी डबा भरते तो आपला मुलगा आहे, हे सगळं घर आहे.

माफी मागावी असं त्यांना रोज वाटे. पण आईची माफी मागायची म्हणजे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरात कधी कुणी मागितली नव्हती. एकदा केस विंचरून देताना त्या म्हणाल्या, ‘‘आई, त्या दिवशी हॉलमध्ये मी...’’ तर आई म्हणाली, ‘‘हळू वढ. गुंता हाय.’’

शनिवारी सकाळी चहा टाकताना साखरेचा डबा उघडला. खिडकीतून ऊन थेट डब्यात पडत होतं आणि साखर चमकत होती. चमचा हातात तसाच राहिला. साखर. आईच्या गोष्टीचं शेपूट होतं ते. लहानपणी ज्योत्स्नाला सगळ्यात आवडणारं. तान्ही झुंबर बायडाबाईच्या दुधावर जरा तगली, आणि दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस नाथा ताप उतरवायच्या औषधाच्या शोधात नांदगावच्या ठेसनावर गेला. औषध मिळालं नाही. पण ठेसनात सायब साखर वाटत होता. ज्याला त्याला, मूठ मूठ. नाथानं ती धोतराच्या सोग्यात गाठ मारून आणली आणि बोटभर लेकीच्या जिभेला लावली. ‘‘माझ्या तोंडात पयली साखर सायबाची,’’ असं म्हणून आई हसायची. ज्योत्स्नाला तेव्हा वाटे, कुणी दयाळू साहेब असेल.

दयाळू? माणसं पटापट मरत असताना, औषधाचा पत्ता नसताना, सरकारी साहेब साखर कशाला वाटेल? दिवाळीनंतर. एकोणीसशे अठरा. अकरा नोव्हेंबर. महायुद्ध संपलं होतं. ती विजयाची साखर होती. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर ‘अकरा नोव्हेंबर’ लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, मुलांकडून पाठ करून घेतलं, आणि तो अकरा नोव्हेंबर आपल्या आईच्या जिभेवर लागला होता हे त्यांना एकदाही सुचलं नाही. बायको जाळून पंधरवडा न झालेला एक माणूस, साम्राज्याच्या आनंदाच्या रांगेत, धोतराचा सोगा पसरून उभा. कुठला विजय, कुणाचा, त्यानं विचारलं नसेल. गोड आहे, लेकीला होईल, एवढंच. एवढा महिना आईजवळ होता, अख्खं जग त्यात होतं. आणि आपण तो काढून घेऊन तिला दुसऱ्याच कुणाचा महिना आणून दिला. कापसाच्या मिशा लावून.

चहा उतू गेला. मीना धावत आली. ‘‘अहो आई, लक्ष कुठंय तुमचं?’’

संध्याकाळी वर्ग भरला. सतरंजीवर मुलं, समोर भिंतीला टेकवलेला फळा, आणि कोपऱ्यात खुर्चीवर आई, नेहमीसारखी. ज्योत्स्नाबाईंनी दुपारभर ठरवून ठेवलं होतं. आपण काही बोलायचं नाही. आईलाच बोलतं करायचं. ती मानमोडीचं सांगेल, साखरेचं सांगेल, मुलांना ते आपोआप कळेल, आणि चूक कुणी न दाखवता दुरुस्त होईल. हा बेत सोपा होता. फार सोपा होता, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

‘‘मुलांनो, आज आजी स्वतः सांगणार आहेत त्यांचा जन्ममहिना. आई, सांग ना. तू जन्मलीस तेव्हा काय काय चाललं होतं?’’

आईनं लेकीकडे पाहिलं. मग मुलांकडे. ती खुर्चीत सावरून बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखी एका दमात म्हणाली, ‘‘जून म्हयना. एकोनीसशे चौदा. टिळक म्हाराज तुरुंगातून आले. एक जहाज अडीवलं व्हतं. आन त्या तिकडल्या गावात राजाच्या पोराला गोळी घातली.’’

‘‘शाब्बास आजी!’’ मुलं एका सुरात ओरडली. रोहित म्हणाला, ‘‘आणि राजाचा पोरगा मी होतो!’’ हर्षाली उठून पितळी डबी घेऊन गेली सुद्धा. ‘‘घ्या आजी. बरोबर उत्तराची.’’ आईनं हात पुढं केला. तळहातावर साखर घेतली, पण तोंडात टाकली नाही. पदराचं टोक ओढलं, साखर त्यात ठेवली आणि गाठ मारली. सावकाश, नीट, दोनदा.

ज्योत्स्नाबाई खाली वाकल्या. ‘‘आई,’’ त्या कुजबुजल्या, ‘‘असं का सांगितलंस? तुला आठवतंय ना सगळं?’’

‘‘आठवतंय की. न आठवाया काय झालं?’’ आईही तितक्याच हळू बोलली, आणि तिनं लेकीच्या दंडावर थोपटलं. ‘‘तुझी शाळा हाय ही. पोरं बसलीत म्होरं. त्यांच्या देखत तुला खाली पाहाया लावू का मी?’’

ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या. खोली तीच होती; पण आपल्या चेहऱ्याचं आता काय करायचं हे त्यांना कळेना. मुलं वाट पाहत होती. हर्षाली डबीचं झाकण लावत म्हणाली, ‘‘बाई, आजींचं बरोबर आहे ना?’’

त्या उत्तर द्यायला गेल्या, आणि तो गोड आवाज, चुकलेल्याला खाली बसवायचा, सापडेचना. घशात दुसरंच काहीतरी होतं, जाडंभरडं, कितीतरी वर्षं न वापरलेलं.

‘‘नाय,’’ त्या म्हणाल्या.

मुलं चमकली. कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. ज्योत्स्नाबाई सतरंजीवर खाली बसल्या, मुलांच्यात, रोहित सरकला तेवढ्या जागेत. तिथून आईची खुर्ची उंच दिसत होती.

‘‘आजींचं नाही चुकलं. माझं चुकलंय. मी त्यांना चुकीचा महिना शिकवला. खरा ठाऊक असून.’’ आवाज फाटला, तो त्यांनी तसाच जाऊ दिला. ‘‘आई, आता तू सांग. त्या दिवशी मी तुला मधेच तोडलं ना, तिथून. बायडाबाईपासून सांग.’’

‘‘कोण बायडाबाई?’’ हर्षालीनं विचारलं.

आईनं हर्षालीकडे पाहिलं. मग तिनं पदराचं टोक मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. मुलांपैकी कुणी हललं नाही. ज्योत्स्नाबाईंचे हात ती सोडून द्यायला शिवशिवत होते. पण त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले, आणि त्या वाट पाहत बसल्या.